आधी छत्री घेऊन परसात जा

प्रश्न : आमच्या घरामागे बरीच मोकळी जागा आहे. तिथे १० बाय १२ फुटांची एक छोटी खोली बांधायचा विचार आहे. मला वाचायला-लिहायला शांत जागा हवी आणि हिला बागेची अवजारं, कुंड्या, खताची पोती ठेवायला. मुलगा म्हणतो, पत्र्याची तयार शेड आणून ठेवू, दोन दिवसांत विषय संपेल. ओळखीचा गवंडी म्हणतो, विटांचंच करा, पुन्हा बघायला नको. मला मात्र लाकडात आणि जमेल तेवढं स्वतःच्या हातांनी करायचं आहे. आजवर एक स्टूल आणि भिंतीवरच्या दोन फळ्या, एवढंच सुतारकाम केलंय. जागा ठरली आहे : मागचा कोपरा, मोठ्या झाडाच्या सावलीत, कुंपणाच्या भिंतीला टेकून. पावसात तिथे थोडं पाणी साचतं, पण भर घातली की झालं. लाकूड घ्यावं की विटा? पाया किती खोल? मला हे जमेल का? आणि खोलीला कुलूप लावायचं की नाही यावरूनही घरात वाद आहे, तोही सोडवून टाका.
– परसातला नवशिका

उत्तर :

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय : ‘पावसात तिथे थोडं पाणी साचतं, पण भर घातली की झालं.’ लाकूड, वीट आणि पत्रा असे तीन पक्ष तुमच्या घरात भांडताहेत, आणि पाणी आपलं मुकाट्याने कोपऱ्यात बसून आहे. निकाल शेवटी तेच देणार.

बागेतल्या खोल्या मी बऱ्याच पाहिल्या, मोडकळीला आलेल्या जास्त. वाऱ्याने गेलेली एखाददुसरी. बाकीच्या सगळ्या खालून गेल्या. छप्पर शाबूत, खिडक्या शाबूत, आणि तळाची चौकट बोट घातलं तर आत जाईल इतकी मऊ झालेली. म्हणून लाकूड मागवण्याआधी, गवंड्याला हो किंवा नाही म्हणण्याआधी एकच काम करा. येत्या मोठ्या पावसात छत्री घेऊन परसात जा आणि अर्धा तास नुसते उभे राहा. पाणी कुठून येतंय, कुठे थांबतंय, कुठे निघून जातंय ते बघा. साचलेल्या पाण्याच्या कडेने खुंट्या ठोकून या. शेजारी हसतील, हसू द्या.

पाऊस लांब असेल तर दुसरा उपाय आहे. मनात असलेल्या जागी फूटभर खोल आणि तितकाच रुंद खड्डा खणा, काठोकाठ पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. पहिल्या वेळी कोरडी माती अधाशासारखी पिते, त्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात तुमचा चेहरा दिसला तर जागा बदला. खणताना मातीकडेही लक्ष असू द्या. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी चिकणमाती निघाली तर ती वरचं बांधकाम दरवर्षी थोडं उचलते आणि थोडं खाली सोडते. अशा जमिनीत खालच्या टणक थरापर्यंत जावं लागतं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथेही पाया गोठणाऱ्या थराच्या खालीच न्यावा लागतो.

आता ती भर. सैल माती टाकून वर पायाने तुडवली की ती बसल्यासारखी वाटते, पण खरी बसते पुढच्या दोन-तीन पावसांत, आणि तीही एका कडेला जास्त, दुसरीकडे कमी. भर घालायचीच असेल तर सहा-सहा इंचांचे थर करून प्रत्येक थर धुमसाने ठोकून घ्यावा लागतो. शिवाय भर घातली म्हणून पाणी नाहीसं होत नाही, त्याची जागा तुम्ही घेतली म्हणून ते शेजारच्या वाफ्यात जातं, नाहीतर घराच्या जोत्याकडे. त्यापेक्षा परसातली उंच जागा शोधा. पाणी निघून जाईल अशी उताराची जागाही चालेल, तिथे पायाच्या काँक्रीट ठोकळ्यांची उंची कमी-जास्त करून खोली सपाट बसवता येते.

त्या कोपऱ्यावर माझे अजून दोन आक्षेप आहेत. झाडाची सावली गोड, पण झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. पाया खणताना जाड मूळ तोडलंत तर झाडाचा एक हात गेला. नाही तोडलंत तर ते मूळ जाड होत होत पाया उचलेल. वरून पाला पडणार, पन्हळीत अडकणार, छपरावर ओला थर करून बसणार. फांद्यांच्या घेराबाहेर या. सावली छपरावर पडेल एवढं जवळ असलेलं चालेल. दुसरा आक्षेप भिंतीला टेकण्याला. खोलीची मागची बाजू तुम्हाला रंगवायची आहे, वाळवी बघायची आहे, कधीतरी एखादी फळी बदलायची आहे. निदान तीन फूट अंतर ठेवा, म्हणजे हातात डबा घेऊन माणूस सरळ चालत जाईल. दीड फुटाच्या फटीत फक्त मांजर जातं आणि कचरा जातो.

परवानगीचं थोडक्यात. आकार, उंची आणि हद्दीपासूनचं अंतर यांचे नियम ठिकाणानुसार बदलतात. बऱ्याच ठिकाणी राहण्यासाठी नसलेल्या छोट्या बांधकामाला सूट असते, पण सूट आहे हे ऐकीव माहितीवर धरून चालू नका, स्थानिक कार्यालयात विचारून लेखी घ्या. शेजाऱ्यांनाही आधी सांगा. आणि कुदळ मारण्याआधी जमिनीखालून पाण्याचा, सांडपाण्याचा, गॅसचा पाइप किंवा विजेची केबल जात नाही ना, याची खात्री करा.

आता तुमच्या दोघांच्या खोलीकडे येतो. दोघांची मिळून एक खोली हा बेत फसतो, आणि फसतो तो एकाच दिशेने : अवजारं वाढत जातात आणि खुर्ची अंग चोरत जाते. दुसऱ्या वर्षी खुर्चीवर कुंड्या असतात. त्यात खताची पोती. खतातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि लोखंडाला गंज चढवतात, म्हणजे फावडी आणि कात्र्याही त्यांच्याजवळ नकोत, पुस्तकं तर नकोतच. म्हणून एका छपराखाली दोन खोल्या करा, मध्ये पूर्ण पडदी, दोन वेगळी दारं. वहिनींचं दार आखूड बाजूला, बागेकडे उघडणारं. तुमचं लांब बाजूला.

आणि माप १० बाय १२ ऐवजी ८ बाय १२ घ्या. कारण सांगतो. प्लायवूडची शीट ८ बाय ४ फुटांची मिळते. ८ बाय १२ ची जमीन बरोबर तीन शीटमध्ये होते : एक मधोमध कापायची, दोन अख्ख्या, आणि तुकडा म्हणून काही उरत नाही. १० फूट केलंत की दोन फुटांच्या पट्टीसाठी करवत चालवत बसा. वाटणी पण सुटसुटीत होते, ४ बाय ८ चं कोठार आणि ८ बाय ८ ची बैठक. भिंतींची जाडी वजा जाता आत साधारण साडेसात फूट मिळतील.

हे लहान वाटलं ना? नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची बागेतली लिहायची खोली साधारण ६४ चौरस फुटांचीच होती, म्हणजे तुमच्या बैठकीएवढी. ती एका खांबावर फिरवता यायची, सूर्य सरकेल तशी ते खोली सरकवत. तिचं नाव त्यांनी ‘लंडन’ ठेवलं होतं. नको असलेला पाहुणा आला की घरच्यांनी सांगायचं, साहेब लंडनला गेलेत. ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने भूमध्य समुद्राकाठी १९५२ च्या सुमारास स्वतःसाठी जी लाकडी खोली बांधली तिची बाजू ३.६६ मीटर, म्हणजे १२ फूट, आणि उंची २.२६ मीटर. तिच्यात त्याचं झोपणं, बसणं, काम करणं सगळं मावायचं. तुम्हाला तर फक्त वाचायचंय.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. जमिनीवर दोरीने ८ बाय ८ चा चौकोन आखा, आत टेबल-खुर्ची नेऊन ठेवा, दाराच्या मापाचा पुठ्ठा कापून दार कुठल्या बाजूला उघडेल ते फिरवून बघा. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून तीनेक फूट लागतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिथे बसून वाचा. ऊन डोळ्यांवर कधी येतं ते तेव्हाच कळेल. मावळतीकडची खिडकी कागदावर फार रम्य दिसते, पण संध्याकाळी वाचणाऱ्याला तिचा त्रास होतो.

आता लाकूड, वीट, पत्रा. मुलाची तयार शेड कोठार म्हणून वाईट नाही, पण माणसाला बसायला उन्हात तापलेला डबा आहे आणि थंडीत वरून ठिबकणारा. तुमच्या गवंड्याचं म्हणणं खोटं नाही, वीट टिकते. मात्र ८ बाय १२ च्या खोलीच्या ९ इंची, ८ फूट उंच भिंतींचं नुसतं वजन १२ टनांच्या आसपास जातं. एवढं वजन आलं की सलग चर खणून पाया घ्यावा लागतो, आणि चूक झाली तर भिंतीला तडा जातो, तो बुजवता येतो, मिटवता येत नाही. त्याच मापाची लाकडी खोली सगळी मिळून दीडेक टन. पुस्तकं, पोती, माणसं धरून तीन टन म्हणू. हे वजन बारा ठोकळ्यांवर वाटलं की एकेका ठोकळ्यावर अडीचशे किलो, म्हणजे तीन-चार माणसं उभी राहिल्यासारखं. म्हणून ‘पाया किती खोल’ याचं उत्तर भिंत कशाची हे ठरल्याशिवाय देता येत नाही. तुम्हाला स्वतः करायचंय, चुकायचंय, उसकटून पुन्हा करायचंय. लाकूडच घ्या. स्क्रू उलटा फिरवता येतो, सिमेंट नाही.

ठोकळ्यांचं काम नीट समजून घ्या, कारण तुमच्या सगळ्या मेहनतीतली निम्मी इथे घालायची आहे. वरची मऊ, मुळं-पालापाचोळ्याची माती काढून टाकायची, ती वाफ्यात घाला. मग तीन रांगा, प्रत्येक रांगेत चार खड्डे, सगळीकडे अंतर चार-चार फूट. रांगा १२ फुटांच्या दिशेने. खड्डा एक फूट लांब-रुंद, सोळा इंच खोल. तळाला चार इंच खडी ठोकून बसवायची. त्यावर काँक्रीट, एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, आणि पाणी हात आखडून. मिश्रण ओतायला सोपं जावं म्हणून नवशिका पाणी वाढवतो आणि तिथेच ठोकळा कच्चा होतो. ठोकळ्याचा माथा जमिनीपासून निदान सहा इंच वर येऊ द्या. त्यावर चार इंच जाड तुळई येईल, म्हणजे खोलीच्या जमिनीखाली हवा खेळायला दहा इंच मोकळे राहतील. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, हातमोजे घाला. काँक्रीट निदान सात दिवस ओलं ठेवा. ते नुसतं वाळून टणक होत नाही, पाण्याशी अभिक्रिया होऊन होतं, पाणी लवकर उडालं तर ती अर्धवट राहते.

बारा ठोकळ्यांचे माथे एका पातळीत आणायला महागडं यंत्र नको. पारदर्शक नळीत पाणी भरा, एक टोक पहिल्या ठोकळ्यापाशी, दुसरं दुसऱ्यापाशी. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला थांबतं. नळीत बुडबुडा राहिला तर ती खोटं बोलते, तेवढं बघा. मी माझी पहिली खोली कुंपणाच्या भिंतीकडे एक डोळा मिटून बघत ‘सपाट’ केली होती. भिंतच कललेली होती. त्या खोलीचं दार पाच वर्षं आपोआप उघडायचं आणि लहान मुलं आत जायला घाबरायची. मी ते कारण बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आखणी गुण्यात, म्हणजे काटकोनात, असणं तितकंच गरजेचं. कोपऱ्यापासून आखूड बाजूवर ८ फूट आणि लांब बाजूवर ६ फूट मोजून खुणा करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट आलं तर कोपरा काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, ८ बाय १२ ला ते १४ फूट ५ इंच यायला हवेत आणि दोन्ही सारखे. दोरीच्या खुंट्या कोपऱ्यावर ठोकू नका, दोन-तीन फूट बाहेर ठोका, नाहीतर खड्डा खणताना पहिल्यांदा त्याच उपटल्या जातात.

ठोकळा आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागद किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घालायची. काँक्रीट जमिनीतली ओल वर चढवतं. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, सगळा खेळ त्या आकड्याखाली राहण्याचा आहे. वाळवीचा भाग असेल तर प्रत्येक ठोकळ्यावर कडा खाली वाकवलेली पत्र्याची टोपी बसवा. तिच्याने वाळवी थांबत नाही. पण वाळवीला मातीची नळी टोपीच्या कडेवरून, उघड्यावरून न्यावी लागते आणि ती तुम्हाला दिसते. खाली दहा इंच मोकळे का ठेवायचे याचं दुसरं कारण हे. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन वाका आणि बघा. त्या जागेत जुनी लाकडं, पुठ्ठे सरकवून ठेवायचा मोह वहिनींना होईल, तुम्हालाही होईल. नको.

तीन रांगांवर ४ बाय ४ इंचांच्या तीन तुळया १२ फुटांच्या, त्यावर आडवे दहा वासे, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच. वर प्लाय, शीटची लांबी वाशांना आडवी, सांधा एका रेषेत न आणता. लाकूड औषध मारलेलं आणि वाळवलेलं घ्या. आणि ही एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : औषध वरच्या थरातच मुरलेलं असतं, तुम्ही करवत चालवली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. त्यात कापलेलं टोक कडेपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं. प्रत्येक कापल्या टोकाला औषधाचे दोन हात लगेच द्या, संध्याकाळी एकदम देऊ म्हणू नका. अशा लाकडात साधे खिळे लवकर गंजतात, जस्ताचा जाड मुलामा असलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा. आणि उरलेले तुकडे शेकोटीत घालू नका, त्यांचा धूर विषारी असतो.

पुस्तकांच्या मांडणीची जागा आत्ताच ठरवा. फूटभर लांबीच्या पुस्तकांच्या रांगेचं वजन आठ-दहा किलो भरतं. आठ फुटी पाच फळ्या भरल्या की तीन-चारशे किलो झाले. मांडणी मागच्या लांब भिंतीला लावा, तिच्या बरोबर खाली तुळई असते.

भिंतींबद्दल फार सांगत नाही. जमिनीवर आडव्या ठेवून चौकटी ठोकायच्या, कर्ण मोजायचे, तिरके आधार द्यायचे, मग चार माणसांनी उचलून उभ्या करायच्या, ओळंबा लावून पक्क्या करायच्या. बाहेरच्या फळ्या खालून वर लावत जा, वरची खालचीवर चढलेली, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. खिडकीची खालची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती असू द्या आणि तिच्या पोटाला एक खाच मारा. पाण्याचा थेंब पट्टीच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकतो, खाच आली की सुटून खाली पडतो. करवतीचं दोन मिनिटांचं काम आहे, पण नव्या-जुन्या कितीतरी खिडक्यांना ते केलेलं दिसत नाही.

छप्पर एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरतं, करा. दुपाखी दिसायला गोजिरं, पण आढ्याचा सांधा नवशिक्याकडून गळतोच. पुढची भिंत ८ फूट, मागची ६ फूट ८ इंच, म्हणजे फुटाला दोन इंच उतार मिळतो, पत्र्याला पुरे. उतार मागे, घरापासून आणि दारापासून दूर. चारी बाजूंना फूटभर छप्पर पुढे आलं पाहिजे. मग छप्पर होतं १० बाय १४ फुटांचं, साधारण १३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली की तुमच्या छपरावरून सव्वातीनशे लिटर पाणी उतरतं, आणि ते सगळं एका कडेने, म्हणजे मागच्या चार ठोकळ्यांच्या डोक्यावर. पन्हळ नसेल तर पागोळ्या त्या रांगेची माती उकरत बसतील आणि उडालेला चिखल खालच्या फळ्या भिजवत राहील. म्हणून पन्हळ पहिल्या दिवसापासून, ‘पुढच्या वर्षी बघू’ नाही. तिचं तोंड पिंपात सोडा, पिंप भरून वाहिलं तर पाणी कुठे जाईल तेही ठरवा. वहिनींच्या झाडांना पाणी मिळेल, त्यांचं मत लाकडाकडे वळवायला हा मुद्दा कामी येईल.

पत्रा रात्री आभाळाखाली पटकन गार होतो आणि आतल्या हवेतली वाफ त्याच्या पोटाला दवासारखी जमते. सकाळी टेबलावर थेंब पडले म्हणून माणूस गळती शोधत फिरतो, गळती नसतेच. पत्र्याखाली पाणी न झिरपणारा कागद, मग हवेची फट, मग उष्णतारोधक थर आणि आतून फळ्या, असं करा. दुपारचा तापही त्यानेच कमी होतो. पत्र्याला स्क्रू नागमोडीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगटीत नाही, रबरी वॉशरसकट. स्क्रू इतकाही आवळू नका की वॉशर चेपून बाहेर येईल.

वाऱ्याचं गणित एका ओळीत : वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हलकी खोली नुसती ठोकळ्यांवर ठेवली तर तिला खाली धरणारं कोणी नसतं. काँक्रीट ओलं असतानाच प्रत्येक ठोकळ्यात लोखंडी पट्टी रोवा आणि ती तुळईला बोल्टने बांधा. एकेक ठोकळा सुमारे १०० किलोचा असतो, तो आता तुमच्या खोलीला बांधलेला असेल. तसेच छपराचे वासेही भिंतीला पट्ट्यांनी बांधा, नुसत्या तिरक्या खिळ्यांवर सोडू नका.

तुम्हाला जमेल का? एक स्टूल केलंय ना, ते डगमगतं का हे तुम्ही लिहिलं नाहीत. जमेल. फक्त खोलीपासून सुरुवात करू नका. काँक्रीट मुरायचे सात दिवस आहेत, त्यात सुतार वापरतात तशा, लाकूड टेकवून कापायच्या दोन घोड्या करा. त्या कामभर लागणारच आहेत, आणि त्या करताना तुमची करवत सरळ चालते की नाही ते कळेल. घोडी वाकडी झाली तर कुणाला दिसत नाही. भिंती उचलायला आणि छपरावर चढायला मात्र एकट्याने जाऊ नका. पत्र्याच्या शेडवाल्या मुलाला तेव्हा बोलवा, भिंत उभी राहताना बघितली की त्याचा विरोध मावळेल.

एक काम मात्र स्वतः करायचं नाही, विजेचं. घरापासून खोलीपर्यंतची केबल जमिनीखालून पाइपमधून, पुरेशा खोलीवर आणि ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या संरक्षक स्विचसकट, परवानाधारक माणसाकडून टाकून घ्या. पायवाट करण्याआधी टाका. पायवाट आधी करून मग उखडणारे मी बरेच पाहिलेत, त्यातला एक या सदराचा लेखकच.

राहिलं कुलूप. कोठाराला हवंच, तिथे धारदार अवजारं आणि खतं-औषधं असतात, मुलांचे हात पोहोचायला नकोत. बैठकीला बाहेरून कुलूप नको, तिथे चोरीला जाईल असं काही ठेवू नका आणि कोणी चुकून तुम्हाला आत ठेवून कुलूप घालेल अशी सोयही करू नका. आतून एक साधी कडी लावा. ती लावलेली असली की घरच्यांनी आलेल्या माणसाला काय सांगायचं, ते वर शॉसाहेबांनी शिकवलेलं आहे. गावाचं नाव तेवढं तुम्ही ठरवा.